कान्होजी आंग्रे

कान्होजी आंग्रे (जन्म: इ.स. १६६९ च्या सुमारास, मृत्यू: ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या दक्षिणेकडील कोकण किनाऱ्याच्या मोठ्या भागावर त्यांचा अंमल होता. या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घेतलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ईस्ट इंडिया कंपनीने तो अधिकार मान्य केला नाही आणि आपल्या कागदपत्रांत त्यांची नोंद समुद्री चाचा अशी केली. त्यामुळे कान्होजींचे चरित्र जितके लढायांचे आहे, तितकेच समुद्रावर कायदा कोणाचा चालावा या वादाचेही आहे.

पूर्वायुष्य

कान्होजींच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारात सुवर्णदुर्ग किल्ल्यावर चाकरीस होते. कान्होजींचे बालपण हर्णैजवळच्या या जलदुर्गाच्या परिसरात आणि कोळी-भंडारी दर्यावर्दींच्या सहवासात गेले. सुवर्णदुर्गाला सिद्दीचा वेढा पडला असता किल्लेदार फितूर होत असल्याचे ओळखून तरुण कान्होजींनी किल्ला राखला, अशी परंपरागत कथा आहे. तिचे तपशील निरनिराळ्या बखरींत वेगवेगळे येतात.

संभाजी महाराजांच्या वधानंतर कोकणातील अनेक ठाणी मोगल व सिद्दी यांच्या हाती गेली आणि छत्रपती राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले. त्या पडत्या काळात किनाऱ्यावरची ठाणी सांभाळणाऱ्या व परत मिळवणाऱ्या सरदारांत कान्होजी पुढे आले. सरखेल सिधोजी गुजर यांच्या मृत्यूनंतर, १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. ओहोटीला पायी जाता येईल आणि भरतीला चारही बाजूंनी पाण्याने वेढला जाईल अशी या किल्ल्याची जागा आहे.

समुद्रावरील परवान्यांची पार्श्वभूमी

दस्तकाची कल्पना कान्होजींनी नव्याने काढली नव्हती. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज हिंदी महासागरातील जहाजांना आपला परवाना घेण्यास भाग पाडत होते. त्याला कार्ताझ म्हणत. कार्ताझ नसलेले जहाज ते जप्त करीत. गुजरातच्या व्यापाऱ्यांनी, पुढे मोगलांच्या जहाजांनीही हे परवाने घेतले. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या वतीने समुद्रावर अधिकार सांगत असे. इंग्रज कंपनीही आपल्या आश्रयाच्या व्यापाऱ्यांना स्वतःचे परवाने देई.

युरोपात याच काळात या प्रश्नावर ग्रंथ लिहिले जात होते. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस यांनी १६०९ मध्ये समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. पोर्तुगिजांची पूर्वेकडील मक्तेदारी मोडणे हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. इंग्रज विधिज्ञ जॉन सेल्डन यांनी १६३५ मध्ये याच्या उलट मत मांडले आणि इंग्लंडभोवतीच्या समुद्रावर इंग्लंडच्या राजाचे स्वामित्व सांगितले. पुढे बिंकरशूक या डच विधिज्ञांनी अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी, किनाऱ्यावरील तोफेचा गोळा जेथवर पोहोचतो तेथवर त्या राज्याची सत्ता, असा तोडगा सुचवला. कान्होजींना हे ग्रंथ ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशा एकेका किल्ल्याच्या तोफांखाली किनाऱ्याचा समुद्र आणणे ही त्यांची रीत या तोडग्याच्या फार जवळची होती.

दस्तक आणि आरमार

दस्तक घेतलेल्या जहाजाला आंग्रे यांच्या आरमाराकडून संरक्षण मिळे. दस्तक नसलेले जहाज पकडून बंदरात आणले जाई, माल जप्त होई आणि प्रतिष्ठित कैद्यांसाठी खंडणी मागितली जाई. ज्यांच्यावर ही सक्ती होई त्या मुंबई, सुरत व मलबारच्या व्यापाऱ्यांना ती जाचक वाटणे स्वाभाविक होते, आणि हा जाच केवळ इंग्रजांच्या वाट्याला आला असेही नाही.

हे सारे चालवणारे आरमार आकाराने मोठ्या जहाजांचे नव्हते. गुराबा या दोन-तीन डोलकाठ्यांच्या, उथळ बुडाच्या आणि पुढच्या बाजूस तोफा असलेल्या नौका होत्या. गलबते त्यांहून लहान, वल्ह्यांवरही चालणारी असत आणि वारा पडला की गुराबांना ओढून नेत. इंग्रजांची खोल बुडाची जहाजे खाड्यांत शिरू शकत नसत. आंग्रे यांच्या नौका मात्र हल्ला करून सहज खाडीच्या आत निघून जात. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये येथे असलेल्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. पावसाळ्यात समुद्र बंद होई, नौका किनाऱ्यावर ओढल्या जात आणि डागडुजी होई.

छत्रपती शाहूंशी तह

शाहू व ताराबाई यांच्यातील वारसाकलहात कान्होजी प्रथम ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तेव्हा कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी लढाईऐवजी वाटाघाटीचा मार्ग धरला. १७१४ च्या आरंभी झालेल्या तहानुसार कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मानले, पिंगळे यांना सोडले आणि सरखेलपद तसेच दहा जलदुर्ग व सोळा भुईकोट-डोंगरी किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. चाचेगिरीच्या आरोपाचा विचार करताना हा तह महत्त्वाचा आहे. यानंतर कान्होजी हे एका राज्याचे नेमलेले आणि सनदशीर अधिकारी होते, याविषयी शंका घेण्यास जागा उरत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीशी संघर्ष

१७१२ च्या अखेरीस कान्होजींच्या आरमाराने मुंबईचे गव्हर्नर विल्यम एझलबी यांची नौका पकडली. कारवारच्या वखारीचे अधिकारी या लढाईत ठार झाले आणि त्यांची पत्नी कैदेत सापडली. १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन त्यांना सोडण्यात आले आणि दोन्ही पक्षांत करार झाला. कान्होजींनी कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना त्रास देऊ नये आणि कंपनीने इंग्रजी निशाण इंग्रजांखेरीज इतरांच्या जहाजांना वापरू देऊ नये, असा त्याचा आशय होता.

पुढच्या सर्व भांडणाचे मूळ या दुसऱ्या कलमात होते. मुंबईतील देशी व्यापारी कंपनीच्या परवान्याखाली आणि कंपनीच्या जहाजांतून आपला माल पाठवीत. हा माल इंग्रजी निशाणाखाली आहे म्हणून तो इंग्रजांचाच, असे कंपनीचे म्हणणे. माल ज्याचा त्याने जकात द्यावी, निशाण बदलल्याने मालक बदलत नाही, अशी कान्होजींची भूमिका. कंपनीचे म्हणणे मान्य केले असते तर कोणाही व्यापाऱ्याने मुंबईत निशाण मिळवून दस्तक टाळले असते आणि आरमाराचा खर्च भागवणारे उत्पन्नच बंद झाले असते. कंपनीच्या दृष्टीने मुंबई बंदराची भरभराट याच सवलतीवर अवलंबून होती. दोन्ही बाजूंना माघार परवडणारी नव्हती.

१७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. त्यांनी शहराभोवतीचा तट पुरा केला, लढाऊ जहाजे बांधली आणि आंग्रे यांच्यावर एकामागून एक मोहिमा काढल्या. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर केलेले हल्ले फसले. १७२० मध्ये फ्रॅम नावाचा तरंगता तोफखाना घेऊन इंग्रज पुन्हा विजयदुर्गावर गेले, पण किल्ला हाती आला नाही.

सर्वांत मोठा हल्ला १७२१ च्या डिसेंबरात कुलाब्यावर झाला. इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन सुमारे सहा हजारांची फौज उतरवली. इंग्लंडच्या राजाने पाठवलेली जहाजे कमोडोर टॉमस मॅथ्यूज यांच्या हाताखाली होती, तर गोव्याचे व्हाइसरॉय जातीने हजर होते. पोर्तुगिजांचा यातील स्वार्थ समजण्यासाठी त्या वेळचा नकाशा लक्षात घ्यावा लागतो. वसई आणि आजची अंधेरी, विलेपार्ले, घाटकोपर ही उपनगरे ज्यावर वसली आहेत ते साष्टी बेट त्यांच्या ताब्यात होते आणि मराठ्यांचे वाढते बळ त्यांना सलत होते. किल्ल्यावरचा हल्ला परतवला गेला. बाजीराव पेशवे मराठा घोडदळासह मदतीस आल्यावर पोर्तुगिजांनी जानेवारी १७२२ मध्ये इंग्रजांना वगळून स्वतंत्र तह केला आणि मोहीम मोडली. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर चाल केली, तीही निष्फळ ठरली.

आज्ञापत्रातील आरमार

रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र याच काळातले, १७१५-१६ चे. ते कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिले गेले, म्हणजे कान्होजी ज्या पक्षातून नुकतेच बाहेर पडले होते त्या पक्षाचे. तरीही मराठ्यांची समुद्रविषयक धारणा समजण्यासाठी त्याचा उपयोग होतो. त्यात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे आणि कौल घेतलेल्या सावकारांच्या जहाजांना निर्वेध येऊ-जाऊ द्यावे असे सांगितले आहे. जहाजबांधणीच्या लाकडाबाबतही स्पष्ट निर्बंध आहेत. सागासारखी झाडे परवानगीने तोडावीत, परंतु रयतेने वर्षानुवर्षे जोपासलेल्या आंबा-फणसांना हात लावू नये, आणि एखादे झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच घ्यावे, असा दंडक आहे. अशा आज्ञा प्रत्यक्षात किती पाळल्या गेल्या हा वेगळा प्रश्न, पण आरमाराची गरज आणि रयतेचे झाड यांत तोल राखण्याचा हा लेखी प्रयत्न दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मृत्यू आणि वारस

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. थोरले पुत्र सेखोजी यांनी सरखेलपद सांभाळले, परंतु १७३३ मध्ये तेही वारले आणि भाऊबंदकी सुरू झाली. मानाजी कुलाब्यास आणि संभाजी दक्षिणेकडे अशी सत्तेची विभागणी झाली. संभाजींनंतर आलेल्या तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग इंग्रजांनी पेशव्यांच्या संगनमताने घेतला. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्रे यांचे आरमार जळाले. मराठी राज्याचे किनाऱ्यावरील सर्वांत प्रबळ आरमार नष्ट होण्यात पेशव्यांचा सहभाग असावा, याबद्दल नानासाहेबांवर इतिहासकारांनी कठोर टीका केली आहे.

चाचेगिरीचा आरोप

१६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने गंज-इ-सवाई हे मोगल बादशहाचे जहाज लुटले. मोगलांनी सुरतेच्या इंग्रजांना जबाबदार धरले आणि चाच्यांशी आपला संबंध नाही हे सिद्ध करणे कंपनीला भाग पडले. चाचा हा शब्द तेव्हापासून अधिकच धारदार झाला. ज्याला हा शब्द लागला त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने तह करण्याचे बंधन राहत नसे. कंपनीने मात्र कान्होजींशी करार केला होता आणि दीर्घकाळ पत्रव्यवहारही चालवला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचे उत्तर जुन्या इंग्रजी ग्रंथांत सहसा मिळत नाही. सुरेंद्रनाथ सेन यांच्या संशोधनाने आणि मनोहर माळगावकर यांनी लिहिलेल्या चरित्राने ही प्रतिमा बदलण्यास मदत झाली.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याविषयक करारानुसार चाचेगिरी म्हणजे खाजगी जहाजाने खाजगी हेतूने, कोणत्याही राज्याच्या अधिकारक्षेत्राबाहेरील समुद्रात केलेली बळजबरी. ही कसोटी कान्होजींना लागू पडत नाही, कारण ते राज्याच्या वतीने आणि बहुधा किनाऱ्यालगत कारवाई करीत. मात्र त्याच करारात परकीय जहाजांना प्रादेशिक समुद्रातून निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क दिलेला आहे आणि केवळ मार्गक्रमणासाठी शुल्क आकारण्यास मनाई आहे. दस्तकाची पद्धत आजच्या कायद्यात बसली नसती, तशीच कार्ताझ आणि कंपनीचे परवानेही बसले नसते. भारताने हा करार १९९५ मध्ये अनुसमर्थित केला. त्यापूर्वीच, १९७६ च्या अधिनियमाने, बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र प्रादेशिक आणि दोनशे सागरी मैलांपर्यंतचा पट्टा अनन्य आर्थिक क्षेत्र ठरवण्यात आला होता.

स्मारके

मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये आय.एन.एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. ज्या खांदेरी बेटावरून इंग्रजांना १७१८ मध्ये परतावे लागले, त्याचे नाव आता कान्होजी आंग्रे बेट असे आहे. बेटावरचे १८६७ सालचे दीपगृह मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांना आजही मार्ग दाखवते.