बडोद्याचे चित्र

बडोदे शहराचे चित्र रेखाटावयास बसलेल्या चित्रकारास दोन वास्तू टाळता येत नाहीत : सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालय आणि प्रचंड घुमटाची महाविद्यालयाची इमारत. दोन्ही श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी दत्तक गेला, तेव्हा त्यास अक्षरओळखही नव्हती. हे ऐकून आमच्या वर्गास फार आनंद झाला. पण पुढचे ऐकेपर्यंतच! राजवाड्यात आल्यावर महाराजांनी अविश्रांत अभ्यास करून मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी आत्मसात केल्या. घरी मराठी व बाजारात तेलुगू बोलणाऱ्या आम्हां आदिलाबादकरांस त्यांतील श्रम समजतात.

१८८१ मध्ये राज्याधिकार हाती आले. १८९४ साली वस्तुसंग्रहालय सुरू झाले. १९०६ मध्ये तर त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्यास बालपणी पाटी मिळाली नव्हती, त्याने ती घरोघर पोहोचविली.

त्या घुमटाखालील महाविद्यालय पुढे विद्यापीठात सामावले. महाराजांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. ते पाहावयास महाराज मात्र नव्हते. दहा वर्षांपूर्वीच, १९३९ मध्ये, मुंबईस त्यांचे देहावसान झाले होते.