डॉ. एरिख सालोमन : कमी उजेडातल्या फोटोग्राफीचा पहिला उस्ताद (आणि तुमच्या पहिल्या डीएसएलआरसाठी एक धडा)

पहिला डीएसएलआर घ्यायचा ठरला की आपण सगळे एकच गोष्ट करतो. मेगापिक्सेल बघतो, बॉडीचं मॉडेल बघतो, दोन-चार तुलना वाचतो आणि बॉडीसोबत जी किट लेन्स मिळते ती घेऊन घरी येतो. दिवसा फोटो झकास येतात. मग घरात कुणाची तरी हळद असते, संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट, आणि सगळे फोटो हललेले. फ्लॅश उडवला तर चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोख. माझंही अगदी हेच झालं होतं. मला वाटलं कॅमेराच फालतू निघाला.

कॅमेरा फालतू नव्हता, माझा निवडीचा क्रम चुकला होता. हा क्रम जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने बरोबर लावला होता. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्याने आपला पहिला कॅमेरा विकत घेतला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत बातम्यांच्या फोटोग्राफीचा चेहराच बदलून टाकला. आज त्याचीच गोष्ट सांगतो, आणि जाता जाता लेन्सचं गणितही समजून घेऊ.

बँकरचा मुलगा ते मोटारसायकल भाड्याने देणारा वकील

एरिख सालोमन यांचा जन्म २८ एप्रिल १८८६ रोजी बर्लिनमध्ये एका श्रीमंत ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकर. पैशाची चिंता नव्हती, त्यामुळे शिक्षणात बरीच धरसोड झाली. आधी प्राणिशास्त्र, मग इंजिनिअरिंग, शेवटी कायदा. कायद्यात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. म्हणून पुढे आयुष्यभर ते ‘डॉक्टर सालोमन’ म्हणूनच ओळखले गेले.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते सैन्यात गेले. थोड्याच दिवसांत फ्रान्समध्ये पकडले गेले आणि युद्धाची बाकीची वर्षं त्यांनी युद्धकैदी म्हणून काढली. छावणीत ते दुभाष्याचं काम करायचे. तिथे पक्कं झालेलं फ्रेंच पुढे त्यांच्या कॅमेऱ्याइतकंच कामी आलं.

परत आले तेव्हा जर्मनी वेगळाच झाला होता. महागाईने नोटांची किंमत कागदाइतकी उरली आणि कुटुंबाची संपत्ती वितळून गेली. सालोमन यांनी शेअर बाजारात काम केलं, पियानोच्या कारखान्यात भागीदारी केली, काहीच टिकलं नाही. मग त्यांनी मोटारी आणि साइडकारवाली मोटारसायकल भाड्याने द्यायचा धंदा काढला. जाहिरातीत लिहिलं की गिऱ्हाइकाला प्रवासात कायद्याचा सल्लाही मिळेल! ही जाहिरात बर्लिनच्या उलश्टाइन या बड्या प्रकाशन संस्थेतल्या लोकांच्या नजरेत भरली आणि त्यांनी सालोमन यांना जाहिरात विभागात नोकरी दिली.

इथे कॅमेरा आयुष्यात आला, तोही आडवाटेने. उलश्टाइनच्या जाहिराती लोकांच्या भिंतींवर आणि जमिनींवर लावलेल्या असायच्या. त्यावरून जागामालकांशी वाद व्हायचे आणि ते कोर्टात जायचे. पुरावा म्हणून फोटो हवे होते. सालोमन यांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि फोटो काढले. त्यातून नाद लागला तो कायमचा.

पहिला कॅमेरा कोणता घ्यायचा?

१९२७ साली त्यांच्यासमोर तोच प्रश्न होता जो आज तुमच्यासमोर आहे. बाजारात लायका आलेला होता. १९२५ पासून विकला जाणारा हा छोटासा, खिशात मावणारा कॅमेरा एका रोलवर ३६ फोटो काढायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर फीचर्सच्या यादीत तोच पुढे होता.

दुसरा कॅमेरा म्हणजे ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याचा एर्मानॉक्स. हा १९२४ साली आला होता. यात रोल नव्हता. ४.५ × ६ सेंटिमीटरची काचेची प्लेट घालायची, एक फोटो काढायचा, प्लेट बदलायची. दिसायला हा कॅमेरा म्हणजे एका जाडजूड लेन्सला मागून चिकटवलेली डबी. पण त्या लेन्समध्येच सगळी गंमत होती. लुडविग बेर्टेले नावाच्या विशीतल्या डिझायनरने बनवलेली ही एर्नोस्टार लेन्स एफ/२ इतकी उघडायची, आणि पुढच्या आवृत्तीत एफ/१.८.

आता हे एफ काय प्रकरण आहे ते बघू. लेन्सची फोकल लांबी भागिले तिच्या तोंडाचा व्यास, म्हणजे एफ नंबर. १०० मिलिमीटरच्या लेन्सचं तोंड ५० मिलिमीटर असेल तर एफ/२. नंबर जितका लहान तितकं तोंड मोठं आणि प्रकाश जास्त. प्रकाश तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून नंबरांच्या भागाकाराचा वर्ग करायचा. सुरुवातीच्या लायकाची लेन्स एफ/३.५ होती. ३.५ भागिले २ म्हणजे १.७५, त्याचा वर्ग साधारण ३. म्हणजे एर्मानॉक्स तिप्पट प्रकाश आत घ्यायचा.

सालोमन यांनी एर्मानॉक्स घेतला. त्यांना जिथे फोटो काढायचे होते तिथे, म्हणजे बंद खोल्यांमध्ये दिव्यांच्या उजेडात, बाकीची सगळी फीचर्स बिनकामाची होती. तेव्हा घरात फोटो काढायचा म्हणजे मॅग्नेशियमची पावडर पेटवायची. डोळे दिपवणारा भडका, मागून धुराचा लोट, आणि खोलीतला प्रत्येक माणूस आधीच सावध होऊन ताठ बसलेला. सालोमन यांना माणसं सावध नसताना हवी होती.

टोपीतला कॅमेरा

फेब्रुवारी १९२८ मध्ये बर्लिनमध्ये क्रान्ट्झ खटला गाजत होता. एका शाळकरी मुलावर खुनाचा आरोप होता आणि कोर्टात फोटो काढायला बंदी होती. सालोमन यांनी बोलर हॅटला भोक पाडलं, आत एर्मानॉक्स बसवला आणि कोर्टात जाऊन बसले. शेवटच्या दिवशी पोलिसाला संशय आला आणि त्याने प्लेट मागितल्या, तेव्हा त्यांनी शांतपणे कोऱ्या प्लेट त्याच्या हातात ठेवल्या, असं सांगतात. खऱ्या प्लेटवरचे फोटो उलश्टाइनच्या ‘बर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्सायटुंग’ या साप्ताहिकात छापून आले आणि एकच खळबळ उडाली. सालोमन यांनी जाहिरातीचं काम सोडलं. आता ते पूर्णवेळ फोटोग्राफर होते.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये युद्धबंदीचा केलॉग-ब्रियां करार झाला. सभागृहात पोलंडच्या प्रतिनिधीची खुर्ची रिकामी होती. सालोमन सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसले आणि फोटो काढले! अंगावर उत्तम शिवलेला संध्याकाळचा सूट, तोंडात तीन-चार भाषा, चालण्यात रुबाब. दारावरच्या माणसाला ते मंत्रीच वाटायचे.

जानेवारी १९३० मधला हेगच्या परिषदेतला फोटो तर इतिहासाच्या पुस्तकांत गेला आहे. जर्मनीने युद्धाची भरपाई किती आणि कशी द्यायची यावर बोलणी चाललेली. मध्यरात्र उलटलेली. युरोपचं भविष्य ठरवणारे मंत्री आरामखुर्च्यांत रेललेले, काहींचे डोळे मिटलेले. त्याआधी सत्तेवरची माणसं अशी, तुमच्या-आमच्यासारखी दमलेली, कुणी पाहिलीच नव्हती.

आता यामागचं तंत्र बघा, कारण ते आजही तसंच लागू होतं. तेव्हाच्या प्लेटची संवेदनशीलता अगदीच कमी. आज आपण आयएसओ ३२०० सहज वापरतो, त्या प्लेट त्याच्या आसपासही नव्हत्या. त्यामुळे एफ/२ असूनही शटर बऱ्याचदा पाव सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ उघडं ठेवावं लागायचं. इतक्या वेळात हातातला कॅमेरा हलतोच, म्हणून सालोमन तिपाई वापरायचे. पण समोरचा माणूस हलला तर तिपाईचा उपयोग नाही. म्हणून ते थांबायचे. बोलणारा माणूस वाक्य संपवून क्षणभर थांबतो, ऐकणारा विचारात गढतो, दमलेला डोळे मिटतो. ते अर्धं सेकंद हेरायचं आणि बटण दाबायचं. त्यांच्या फोटोंत माणसं विचारमग्न दिसतात त्यामागे मनाचा अभ्यास आहेच, पण शटरस्पीडचं गणितही आहे.

दुसरी अडचण फोकसची. तोंड पूर्ण उघडलं की फोकसमधला पट्टा एकदम अरुंद होतो. नाकावर फोकस बसला तर कान धूसर. म्हणून अंतराचा अचूक अंदाज घेऊन लेन्स आधीच लावून ठेवायची. ऑटोफोकस वगैरे लाड नव्हते.

फ्रान्सचे नेते आरिस्टीड ब्रियां यांनी तर हार मानली होती. १९३१ साली पॅरिसमधल्या एका मेजवानीत त्यांना सालोमन दिसले, आणि हा बघा आलाच, अशा अर्थाचं काहीतरी म्हणत त्यांनी हसून बोट दाखवलं. सालोमन यांनी तोच क्षण टिपला. १९३२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज चालू असताना फोटो काढला. हात मोडल्याचं नाटक केलं, हात गळ्यातल्या झोळीत अडकवला आणि झोळीत कॅमेरा लपवला.

अशा फोटोंना ‘कँडिड’ हे नाव लंडनच्या ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकाने सालोमन यांच्या कामावरून दिलं असं मानलं जातं. आज आपल्याकडे लग्नात ‘कँडिड पॅकेज’चे वेगळे पैसे मोजतो, त्या शब्दाचा उगम हा असा.

अंधार

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू फोटोग्राफरला बर्लिनमध्ये जागा उरली नाही. सालोमन यांची पत्नी मूळची हॉलंडची, म्हणून कुटुंब हेगला गेलं. तिथे त्यांनी काम चालू ठेवलं. लायकाला तोपर्यंत जास्त प्रकाश घेणाऱ्या लेन्स मिळू लागल्या होत्या, त्यामुळे तोही ते वापरू लागले. पण मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्येही शिरलं.

पुढे कुटुंब लपून राहू लागलं. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला त्या घरात वापर जास्त दिसला आणि त्याने खबर दिली, असं सांगितलं जातं. आयुष्यभर इतरांच्या नकळत खोलीत वावरलेला माणूस मीटरवरच्या आकड्यांनी पकडला गेला. आधी वेस्टरबोर्क, मग थेरेझिनश्टाट, मग आउश्वित्झ. ७ जुलै १९४४ ही त्यांच्या मृत्यूची तारीख दिली जाते. पत्नी आणि धाकटा मुलगाही परतले नाहीत. थोरला मुलगा इंग्लंडमध्ये होता म्हणून वाचला. युद्धानंतर त्याने विखुरलेल्या निगेटिव्ह गोळा केल्या. काही कोंबड्यांच्या खुराड्यात पुरलेल्या होत्या, काही डच संसदेच्या ग्रंथालयात लपवलेल्या. आज हा संग्रह बर्लिनमध्ये जपलेला आहे, आणि जर्मनीची फोटोग्राफी संस्था १९७१ पासून फोटो-पत्रकारितेसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

मग आपण काय घ्यायचं?

सालोमन यांच्या क्रमाने जाऊ. आधी ठरवा फोटो कुठे काढायचे आहेत. उत्तर ‘घरात, हॉलमध्ये, नाट्यगृहात’ असेल तर आधी लेन्स, मग बॉडी.

किट लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास एफ/५.६ पर्यंतच उघडते. साधी एफ/१.८ प्राइम लेन्स तिच्या नऊ-दहा पट प्रकाश घेते. म्हणजे किट लेन्सला जिथे १/८ सेकंद लागतं, तिथे प्राइम लेन्सला सुमारे १/८० पुरतं. हललेला फोटो आणि स्पष्ट फोटो यातला फरक तो हाच. नवी बॉडी घेऊन इतका फरक क्वचितच पडतो.

फोकल लांबी किती? लहान सेन्सरच्या डीएसएलआरवर ५० मिलिमीटर लेन्स चेहऱ्यांसाठी छान, पण घरातल्या खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. तिथे ३५ मिलिमीटर बरी. गंमत म्हणजे एर्मानॉक्सची ८५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स त्या काचेच्या प्लेटवर जेवढं दृश्य पकडायची, साधारण तेवढंच दृश्य आज ३५ मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरवर पकडते. म्हणजे ३५ एफ/१.८ घेतलीत तर सालोमन यांचीच नजर तुमच्या हातात आली समजा.

एक खबरदारी. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं बघूनच घ्या. नाहीतर फोकस हाताने फिरवावा लागेल. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते. नवे डीएसएलआर आता फारसे येत नाहीत, तेव्हा जुनी चांगली बॉडी घ्या आणि वाचलेले पैसे लेन्सवर घाला.

आणि घेतल्यावर पहिल्याच कार्यक्रमात धडाधड शंभर फोटो काढू नका. एका कोपऱ्यात उभे राहा, एफ/१.८ वर ठेवा, आजीच्या डोळ्यावर फोकस लावा आणि थांबा. बोलता बोलता ती क्षणभर गप्प होईल. तेव्हा बटण दाबा.