रुग्णांजवळ जागणारे संत कॅमिलस

दरवर्षी १४ जुलै रोजी आपण संत कॅमिलस दे लेलिस यांचा सण साजरा करतो. रुग्ण, रुग्णालये आणि परिचारिका यांचे ते आश्रयदाते संत आहेत.

कॅमिलस यांचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुक्कियानिको या गावी झाला. वडिलांप्रमाणे तेही सैन्यात गेले आणि जुगाराच्या नादी लागले. पायाला झालेली एक जखम आयुष्यभर बरी झाली नाही. उपचारासाठी ते रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात राहिले. तिथे सेवकाचे कामही मिळाले. पण जुगारापायी ते गेले. पुढे सर्वस्व गमावून ते कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करू लागले. तिथेच १५७५ साली एका मठवासीयाच्या उपदेशाने त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. जखमेमुळे कापुचिन संघात राहता आले नाही, तेव्हा ते त्याच रुग्णालयात परतले आणि कालांतराने तेथील व्यवस्थापक झाले.

त्या काळी रुग्णसेवा पगारी नोकरांच्या हाती होती. रुग्णांची हेळसांड होई. ती पाहून १५८२ साली कॅमिलस यांनी ठरवले, की पगारासाठी नव्हे तर देवासाठी सेवा करणारी माणसे एकत्र आणायची. संत फिलिप नेरी त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. १५८४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली आणि झग्यावर लाल क्रूस धारण करण्याची परवानगी दिली.

एकुलत्या एका आजारी लेकराकडे आई जसे पाहते तसे प्रत्येक रुग्णाकडे पाहावे, असा त्यांनी संघाला नियम घालून दिला. कधी कधी रुग्ण जिवंतच पुरले जातात हे लक्षात आल्यावर त्यांनी आणखी एक आज्ञा केली : श्वास थांबला असे वाटले तरी किमान पाव तास प्रार्थना चालू ठेवावी, चेहरा लगेच झाकू नये. प्रार्थना चालू असताना डोळेही उघडे असावेत, हीच त्यांची शिकवण. १५९८ च्या डिसेंबरात टायबर नदीला महापूर आला, तेव्हा सान्तो स्पिरितो रुग्णालयातील रुग्णांना त्यांनी वरच्या मजल्यावर हलवले. १४ जुलै १६१४ रोजी त्यांनी देह ठेवला. १७४६ साली त्यांना संतपद देण्यात आले. १९३० साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते घोषित केले.

आजही परिचारिका औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी तपासते : रुग्ण तोच ना, औषध तेच ना, मात्रा, वेळ आणि देण्याची पद्धत बरोबर ना. दिल्यावरही नाडी, श्वास, अंगावर पुरळ येते का, हे ती पाहत राहते. घाईत केलेली एक चूक जिवावर बेतू शकते. आपल्या घरी आजारी आईवडील असतील तर आपणही गोळीचे नाव व मुदत वाचू या, वेळ वहीत लिहू या आणि औषध देऊन लगेच पाठ न फिरवता थोडा वेळ जवळ बसू या. त्या खाटेवर प्रभू येशूच आहे, असे कॅमिलस मानत.

आपल्या धर्मग्रामातील सर्व परिचारिकांसाठी या रविवारी मिस्सामध्ये आपण विशेष प्रार्थना करू या.