स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ (३ ऑक्टोबर १९०३ – २२ जानेवारी १९७२) हे शिक्षक, संन्यासी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी नेते व लोकसभा सदस्य होते. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर.

== प्रारंभिक जीवन ==
त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापुरात शिकत असताना लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांनी आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. असहकार चळवळीत सरकारी शाळा सोडून पुढे टिळक विद्यापीठातून ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केले.

== शैक्षणिक कार्य ==
निजामाच्या राज्यात शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते आणि खाजगी शाळांवर निर्बंध होते. अशा परिस्थितीत हिप्परगा (सध्याचा धाराशिव जिल्हा) येथील राष्ट्रीय शाळेत त्यांनी अध्यापन केले. १९३२ मध्ये संन्यासदीक्षा घेतल्यावरही त्यांनी मठाऐवजी शाळाच कार्यक्षेत्र मानली. १९३५ पासून ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात होते. या शाळांतून मुक्तिसंग्रामाला अनेक कार्यकर्ते मिळाले.

== मुक्तिसंग्राम ==
१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ती मोडून सत्याग्रह केल्याबद्दल स्वामीजींना कारावास झाला. १९४६ मध्ये बंदी उठल्यावर ते संघटनेचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा हैदराबादेत तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांना अटक झाली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले.

== संसदीय कारकीर्द ==
१९५२ मध्ये गुलबर्गा व १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद मात्र त्यांनी कधीच भूषविले नाही. हैदराबाद राज्य तसेच ठेवावे, असे मानणारा प्रभावी गट पक्षातच असूनही त्यांनी भाषावार विभाजनाचा आग्रह धरला. १९५६ मध्ये राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी त्यांनी तुरुंगवास सोसला, त्याच्याच विसर्जनाचे ते समर्थक ठरले. कारण प्रजेला तिच्या भाषेत शिक्षण व कारभार मिळावा, ही त्यांची भूमिका होती.

== स्मृती ==
नांदेड येथील विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले असून हिंगोली, परभणी, लातूर व नांदेड हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.