तोफा वितळवून नांगर ओतणारा कारखानदार

प्रतापगड (जि. गोंदिया) : महाशिवरात्रीला प्रतापगडाच्या पायथ्याशी जमणाऱ्या धानपट्ट्यातील शेतकऱ्याला लोखंडी नांगराचे आज कसलेही अप्रूप उरलेले नाही. अर्जुनी-मोरगावच्या शिवारातही आता ट्रॅक्टर फिरतात. मात्र, लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. ती मोडून काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना पुढे महायुद्धाच्या काळात त्याच नांगरासाठी लोखंड मिळेनासे झाले.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात रस नव्हता. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात ते दाखल झाले, परंतु काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे ध्यानात आले आणि चित्रकलेचा मार्ग खुंटला. रंगांविना चालणाऱ्या यांत्रिक रेखाटनाकडे ते वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. मोठे बंधू रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावात सायकलींचे दुकान त्यांनी आधीच थाटले होते. सायकल विकणे आणि ती चालवायला शिकविणे, असा तो दुहेरी धंदा होता.

दुकानातून छोटा कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याचे यंत्र आले, त्यापाठोपाठ लोखंडी नांगर. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. खप वाढू लागतो न लागतो तोच नगरपालिकेने जागा रिकामी करण्यास सांगितले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या वेळी मदतीला धावले नसते, तर पुढचा इतिहास घडलाच नसता. त्यांनी जमीन व बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. मार्च 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकालगतच्या निवडुंग आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडीचा श्रीगणेशा झाला.

येथे जमलेली माणसे हाच या कथेतील सर्वांत विलक्षण भाग. शंभूराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडलेले पण यंत्रविद्येत कल्पक असलेले अनंतराव फळणीकर. कागदावरची पात्रता पाहिली असती, तर यांतील काहींना दारही उघडले नसते. दरोडेखोरीचा शिक्का बसलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण सोपविली. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले साचा करणे, ओतकाम, लेथवरचे काम कारखान्यातच शिकली. वेगळी प्रशिक्षण संस्था नव्हती. भट्टी हाच वर्ग.

1914 मध्ये युरोपात युद्ध पेटले. परदेशी औजारांची आवक आटली आणि देशी मालाला मागणी वाढली. वरकरणी सुवर्णसंधीच! पण नांगरासाठी लागणारे ओतीव लोखंडही दुर्मीळ झाले. भट्टी थंडावली असती, तर माळावर घरे करून राहिलेल्या कुटुंबांना परतायला ठिकाण नव्हते. अशा वेळी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज पुढे आले. संस्थानातील जुन्या, निकामी तोफा त्यांनी वितळविण्यासाठी दिल्या. जगभर लोखंडाच्या तोफा ओतल्या जात असताना कृष्णाकाठच्या या छोट्या गावात तोफांचे नांगर होत होते. लढाईच्या खुणा जपाव्यात की शेतकऱ्याच्या हाती औजार द्यावे, या प्रश्नावर राजाने दिलेले उत्तर आजच्या इतिहासप्रेमींना कदाचित रुचणार नाही. प्रस्तुत प्रतिनिधीला मात्र ते योग्य वाटते.

कारखाना युद्धातून तरला, इतकेच नव्हे तर वाढला. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. चरक, पंप, भुईमूग फोडण्याची यंत्रे बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रांची आयात आखडली, तेव्हा 1941 मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनविणारा कारखाना निघाला. पहिल्या युद्धात लोखंडासाठी वणवण करणारे घराणे आता इतर कारखान्यांना यंत्रे पुरवू लागले.

लक्ष्मणरावांना सर्वांत मोठा घाव मात्र शांततेच्या काळात सोसावा लागला. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारण्यात आला. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वाडीतील भट्ट्या सुरू होत्या.