मतांचा हिशोब आणि बाबासाहेब

आमच्या चिक्कडपल्लीच्या मंडळीत पंचांची निवड आली की यादीतील नावांपुढे आम्ही खुणा करतो. पाच जागा, पाच खुणा. मोठ्या गटाने आधीच ठरवले तर पाचही जागा त्याच्याच होतात. ह्यात कोणी लबाडी केली असे नाही. दोष मोजणीचा आहे. ह्या मोजणीशी जन्मभर झगडलेला पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. कोलंबिया व लंडन येथील त्यांचे शिक्षण सर्वांना ठाऊकच आहे. १९१९ साली मताधिकाराच्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हापासून त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता. थोड्या लोकांना आपला माणूस आपल्या मतांवर निवडून कसा आणता यावा?

समजा, तीन जागा आहेत व मतदार शंभर. सत्तर एका बाजूचे, तीस दुसऱ्या. प्रत्येकाला तीन मते, पण एकाला एकच द्यायचे. मग सत्तरांचे तिघेही येतात. तिन्ही मते एकालाच देण्याची मुभा असली, तर तिसांच्या माणसाला नव्वद मते पडतात. सत्तरांची २१० मते तिघांत वाटली तर एकेकाला सत्तरच. (शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून पाहावे.) खुणांची रीत तीच ठेवूनही मोजणी सुधारता येते. ज्यांचा माणूस आधी आला त्यांच्या पुढील मताचे वजन घटवावे, असा हिशोब स्वीडनचे गणिती फ्राग्मेन ह्यांनी १८९४ सालीच मांडला होता.

मुंबई इलाख्यात १९३७ साली मते एकवटण्याची मुभा होती. बाबासाहेबांना तीच पसंत होती, आणि ते निवडूनही आले.

स्वातंत्र्यानंतर नियम पालटला. १९५२ साली उत्तर मुंबईत दोन जागा होत्या, त्यांतील एक राखीव. दोन्ही मते एकाच्याच पेटीत टाकली तर एक बाद. बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. ७४,३३३ मतपत्रिका मोजल्या गेल्या नाहीत, अशी तक्रार त्यांनी व अशोक मेहतांनी केली. ती फेटाळली गेली.

१९५३ च्या जानेवारीत येथल्याच उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. पुढल्या वर्षी भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. दुसरे मत कोणालाच न देता कुजवावे, म्हणजे इतरांची बेरीज वाढणार नाही, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिल्याचे सांगतात. बाबासाहेबांनी तो मानला नाही. मतदाराने दोन्ही मते वापरावीत, असेच त्यांनी सांगितले. दुसऱ्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले.

६ डिसेंबर १९५६ रोजी ते वारले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.