जॉन टिंडल

जॉन टिंडल ह्यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजीं आयर्लंडांतील कार्लो परगण्यांत एका सामान्य कुटुंबांत झाला. आरंभीं त्यांनीं जमीन व लोहमार्ग ह्यांच्या मोजणीचें काम केलें. पुढें साठविलेल्या पैशांवर जर्मनींतील मारबुर्ग येथें विद्याभ्यास करून १८५३ मध्यें ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक झाले.

१८६८ मध्यें त्यांनीं एका कांचेच्या नळींत स्वच्छ हवा व रासायनिक द्रव्यांची वाफ भरून तींतून प्रखर प्रकाश सोडला. प्रथम कांहींच दिसेना. मग प्रकाशानें वाफेचें विघटन होऊन अतिसूक्ष्म कण बनले आणि नळींत निळसर ढग उमटला. आकाशाची निळाईही अशाच कणांची असावी, असें त्यांनीं मानिलें. परंतु त्यास हवेचे रेणूच पुरेसे आहेत, हें लॉर्ड रॅले ह्यांनीं १८९९ मध्यें दाखविलें.

तथापि दाट अरण्यांवर उन्हाळ्यांत जें निळें धुकें पसरतें, तेथें वाफेचे कण खरोखरच होतात. वृक्षांतून निघणाऱ्या टर्पीन नांवाच्या सुगंधी वाफांपासून तें बनतें, असें १९६० मध्यें वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट ह्यांनीं प्रतिपादिलें. ह्या वाफांचा ओझोनशीं संयोग होऊन कण बनतात व ते वाढल्यावर त्यांवर मेघांचे जलबिंदु जमतात, हें आतां सिद्ध झालें आहे.

हें पाहावयास टिंडल राहिले नाहींत. निद्रानाशानें ते पीडलेले होते. ४ डिसेंबर १८९३ रोजीं पत्नीच्या हातून चुकून झोपेचें औषध अधिक दिलें जाऊन त्यांचा अंत झाला. विद्यार्थिमित्रहो, त्यांचें अनुमान चुकलें, पण निष्ठेनें केलेला प्रयोग टिकला!